एसी कोणता, त्याआधी खोली कोणाची?

मार्च उजाडला की विदर्भात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आणि दुसरी, जरा उशिरा, सरकारी रुग्णालयाच्या उष्माघात कक्षात. पहिल्या गर्दीला यंदा कारणेही आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. १ जानेवारी २०२६ पासून तारांकनाच्या कसोट्या कडक झाल्या, त्यामुळे काल पाच तारे मिरवणारे यंत्र आज चार ताऱ्यांचे ठरू शकते. त्याआधी जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केले होते की नव्या एसीचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येणार नाही, असा नियम आणला जाईल. त्यावर समाजमाध्यमांत बराच धुरळा उडाला. ‘आमच्या घरात आम्ही किती थंड राहायचे हे सरकार ठरवणार का’ असा सूर होता.

त्या वादात एक गोष्ट बाजूला राहिली. आपल्या देशात एसी असलेली घरे अंदाजे दहातले एक आहेत. उरलेल्या नऊ घरांना २० की १८ हा प्रश्नच पडत नाही. त्यांचा प्रश्न पंखा, कूलर, स्लॅब, पत्रे, पाणी आणि विजेचे बिल यांचा असतो. ओपीडीत रक्तदाब तपासता तपासता लोक विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, आईसाठी कूलर घ्यावा की एसी?’ प्रश्न यंत्राचा वाटतो, पण त्याचे उत्तर शरीरापासून सुरू होते.

नुसता बसून राहिलेला माणूसही साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर शरीराचे तापमान वाढत जाते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर काम सोपे असते, कारण उष्णता आपोआप हवेत जाते. त्वचेचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असते. बाहेर ४४ अंश असताना हा मार्ग उलटा होतो आणि हवाच आपल्याला तापवू लागते. मग उरतो एकच मार्ग, घामाचा. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. अंगावरून ओघळून गेलेला घाम थंडावा देत नाही, नुसते पाणी आणि मीठ घालवतो. म्हणूनच मुंबईतले ३४ अंश चंद्रपूरच्या चाळिशीइतके छळतात.

आता पंखा. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. घाम येत असेल तर हलती हवा तो लवकर वाळवते आणि बरे वाटते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये बारा निरोगी पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत पंख्याने शरीराला आणि हृदयाला आराम मिळाला. ४७ अंशांच्या अगदी कोरड्या हवेत मात्र पंख्याने हाल वाढवले. कोरड्या हवेत घाम तसाही वाळतोच, पंखा वरून गरम हवेचा मारा करतो. जागतिक आरोग्य संघटनाही चाळीस अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका असे सांगते. कोकण आणि गोव्यासाठी पंखा जवळजवळ वर्षभर मित्र आहे. नवतपात दुपारी दोन वाजता अकोल्याच्या पत्र्याच्या घरात, घाम कमी येणाऱ्या सत्तरीच्या माणसावर सोडलेला नुसता पंखा भट्टीच्या भात्यासारखा काम करतो. त्याच पंख्याखाली अंगावर ओला पंचा घेतला, हातपाय पुसत राहिले, तर चित्र बदलते. घामाचे काम तेव्हा बाहेरचे पाणी करते. खर्च शून्य. आपल्या आज्यांना हे माहीत होते, फक्त त्याचे सूत्र त्यांनी लिहून ठेवले नव्हते.

कूलर म्हणजे हेच तत्त्व पेटीत बसवलेले. कोरडी गरम हवा ओल्या वाळ्यातून किंवा जाळीतून ओढली की पाणी वाफ होताना तिची उष्णता घेते. किती थंड होणार हे हवेच्या कोरडेपणावर ठरते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या स्थितीतला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. एवढे काम तो दीड-दोनशे वॅटमध्ये करतो. आता मुंबईची ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तोच कूलर फार तर तीस अंशांपर्यंत जाईल आणि खोलीत इतका दमटपणा भरेल की घाम वाळणेच बंद होईल. कूलर किनारपट्टीवर विकले जातात, आकर्षक रंगांत विकले जातात, पण तिथे ते फार तर ओला पंखा ठरतात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर मधले. तिथे एप्रिल-मेमध्ये कूलर चालतो. विदर्भातही मृगाच्या पहिल्या सरीनंतर कूलर ‘चिकट’ होतो हा अनुभव प्रत्येकाचा आहे. तेव्हा पाण्याचा पंप बंद करून तो नुसत्या पंख्यासारखा चालवावा.

कूलर लावताना हमखास होणारी चूक म्हणजे खोली बंद करणे. एसीची सवय झालेले लोक कूलरसमोरही दारे-खिडक्या लावून बसतात. मग तीच ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात खोली दमट होते. कूलरने बाहेरची हवा ओढली पाहिजे आणि समोरची खिडकी उघडी असली पाहिजे. यात एक फायदा लपलेला आहे, त्याकडे नंतर वळू.

कूलरचे तीन धोके मात्र डॉक्टर म्हणून सांगायलाच हवेत. पहिला विजेचा. पत्र्याचा कूलर, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी मूल, यापेक्षा धोकादायक जुळणी घरात दुसरी नसेल. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात लहान मुले असतात. कूलर घेताना दुकानदार थंडाव्याबद्दल बोलतो, अर्थिंगबद्दल नाही. घराला ३० मिलिअँपियरवर तुटणारा आरसीसीबी बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनला हा शब्द कळतो आणि त्याची किंमत कूलरपेक्षा बरीच कमी असते. साधा एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही, तो तारा जळण्यापासून वाचवतो. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही, पिनच काढावी.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करावी हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसते ते हे की अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी अनेक महिने टिकतात. म्हणून रिकामी केलेली टाकी ब्रशने घासली पाहिजे. जूनमध्ये कूलर गच्चीवर टाकून दिला आणि त्यात पावसाचे पाणी साचले, तर ऑगस्टमधल्या डेंग्यूची सोय घरीच झाली. तिसरा धोका किरकोळ वाटतो, पण दम्याच्या रुग्णांना जाणवतो. मागच्या वर्षीच्या कुबट वाळ्यावर बुरशी असते. हंगामाच्या सुरुवातीला वाळा बदलावा. आणि पाण्याचा हिशेबही धरावा. मोठा कूलर कडक दुपारी तासाला पाच-दहा लिटर पाणी सहज पितो. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ही किंमत छोटी नाही.

एसीचे तत्त्व वेगळे. तो उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकतो आणि जाता जाता हवेतले पाणीही काढतो. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता उचलण्याची ताकद. ‘टन’ हे बर्फाच्या काळातले माप आहे, यंत्राच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नाही. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला बहुधा एक टन पुरतो. वरचा मजला, पश्चिमेची भिंत किंवा जास्त माणसे असतील तर दीड. मोठा घेतला तर चांगलेच, असे समजू नका. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन थंड करून बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो. हे विशेषतः मुंबई-ठाण्यात जाणवते. इन्व्हर्टर यंत्रात हा दोष कमी असतो, कारण ते गरजेनुसार हळू चालते.

आता त्या २० आणि २४ अंशांबद्दल. जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर यावा असा नियम आहेच. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या मते दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. वैद्यकीय बाजूने पाहिले तर बहुतेक निरोगी माणसांना २६ अंश आणि वर मंद पंखा पुरेसा असतो. हलत्या हवेमुळे ते चोवीस-पंचविसासारखे वाटतात. अठरा अंशांत ब्लँकेट घेऊन झोपण्यात आरोग्याचा कसलाच लाभ नाही. उलट शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि दिवसरात्र थंडीत राहणाऱ्याची ती सवय होतच नाही. म्हणून किमान तापमानाच्या नियमाने कोणाचे नुकसान होईल असे मला वाटत नाही. पण त्याने उष्माघाताचे मृत्यूही कमी होणार नाहीत. तो विजेचा नियम आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. ती आवरायची तर हा उपाय ठीक. उष्माघात कक्षात येणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अठरावर लावलेला एसी असतो, असे माझ्या पाहण्यात नाही.

एसीचा खरा वैद्यकीय दोष थंडीत नाही, बंद हवेत आहे. भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच ती फिरवतो. छोट्या बंद खोलीत चार माणसे रात्रभर झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सकाळी डोके जड होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरात कोणाला फ्लू, गोवर किंवा क्षयरोग असेल तर हवेतले जंतू तिथेच राहतात. क्षयाच्या रुग्णाच्या कुटुंबाला मी स्पष्ट सांगतो, की पहिले काही आठवडे त्याच्याबरोबर एसीच्या बंद खोलीत झोपू नका. इथे कूलर सरस ठरतो, कारण तो नीट लावला असेल तर घरातली हवा सतत बदलतो. एसी वापरणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर दहा मिनिटे खिडक्या उघडाव्यात, जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. एसीमुळे सांधे ‘आखडून’ संधिवात होतो ही मात्र समजूत आहे. थंड झोताखाली मान धरू शकते, संधिवात होत नाही.

मग घ्यायचे काय? वीज, पाणी आणि पैसा यांचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा. आठ तासांच्या रात्रीला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी कडक उन्हाळ्यात साधारण सात-आठ युनिट खातो, कूलर दीड-दोन, जुना पंखा अर्ध्या युनिटहून थोडे अधिक आणि नवा बीएलडीसी पंखा पाव युनिट. वारंवार वीज जाणाऱ्या भागात एसी हे महागडे शोभेचे कपाट ठरते, तर छोटा कूलर घरच्या इन्व्हर्टरवर चालून जातो. हे गणित सोपे आहे. अवघड गणित यंत्र कोणत्या खोलीत लावायचे याचे आहे, आणि माझ्या मते तेच जिवाशी निगडित आहे.

उष्णतेच्या लाटांत कोण मरते याचा चांगला अभ्यास परदेशांत झाला आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत सातशेहून अधिक माणसे दगावली. घरी चालू एसी असणाऱ्यांना धोका कमी होता. एकट्या राहणाऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना जास्त. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार जादा मृत्यू झाले, त्यात बहुतेक वृद्ध. तिथेही झोपायची खोली थेट छपराखाली असणे धोक्याचे ठरले. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात बसलेल्या लोकांचे मृत्यू आपल्या लक्षात आहेत, कारण ते उघड्यावर घडले. घरातल्या उष्माघाताची बातमी होत नाही. म्हातारा माणूस दोन दिवस सुस्त असतो, जेवत नाही, मग बरळू लागतो. घरचे समजतात ताप आहे आणि पॅरासिटामॉल देतात. उष्माघातात ते काम करत नाही, कारण हा ताप जंतूंचा नसतो. अशा माणसाला ताबडतोब सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, पंखा लावावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

आता आपल्या घरांकडे बघा. एसी असतो कमावत्या मुलाच्या बेडरूममध्ये. आजी-आजोबा हॉलमध्ये किंवा गच्चीखालच्या खोलीत. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. मुलाला सकाळी कामावर जायचे असते, नातवंडांचा अभ्यास असतो आणि आजी स्वतःच म्हणते, ‘मला बाई एसी सोसत नाही.’ पण शरीर वेगळे सांगते. सत्तरीनंतर घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवणे जमत नाही. त्यात लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधे, पार्किन्सनवरची औषधे उष्णता सोसण्याची ताकद आणखी घटवतात. औषधे स्वतःहून बंद करू नका, पण उन्हाळ्यापूर्वी एकदा डॉक्टरांना यादी दाखवा. आणि घरात थंड खोली एकच असेल तर मे महिन्यात दुपारी बारा ते पाच ती म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या बाळाची. आजीला सोसत नसेल तर एसी २७-२८ वर ठेवा, झोत अंगावर येऊ देऊ नका, पांघरायला चादर द्या. बिल येईल म्हणून घरी एकटे असताना कूलर बंद करून बसणारे ज्येष्ठ मला दरवर्षी भेटतात. त्यांना बिलाचा आकडा सांगून टाका. दिवसाला दीड युनिट ऐकले की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो.

यंत्राआधी छत, हेही सांगायला हवे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडतो. पहाटे तीनला बाहेर गार वारा आणि आत भिंत गरम, हा त्याचाच परिणाम. सलग गरम रात्रीच शरीराला सावरू देत नाहीत. गच्चीवर पांढरा चुना किंवा उन्हाळी पांढरा रंग मारला की खोलीचे तापमान सहसा दोन-चार अंशांनी उतरते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताटी किंवा हिरवी जाळी लावा. आतला पडदा तितका उपयोगी नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेले असते. दुपारी खिडक्या बंद, रात्री उघड्या. हे केल्यावर दीड टनाच्या जागी एक टन पुरू शकतो, किंवा कूलरवर भागते.

हिवाळ्याबद्दल थोडेच. आपल्याकडे घर तापवण्याची गरज डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्रींची. त्यासाठी गरम-थंड दोन्ही करणारा एसी चांगला, कारण तो एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता आत आणतो. कॉइलचा हीटर एका युनिटात एकच देतो. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गीझरही नको. दोन्हींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस दार ठोठावण्याआधीच बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर बसवा, पाणी आत आणा.

सरकारने एसीच्या रिमोटवर मर्यादा घालण्याचा विचार केला, ते ठीकच. तेवढ्याच तत्परतेने घरकुलांच्या छतांचा विचार व्हायला हवा. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे त्यात झोपडपट्ट्यांची छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छतांचे स्वतंत्र धोरण आणले. महाराष्ट्रात दरवर्षी हजारो घरकुले बांधली जातात. एक खोली, वर उघडा स्लॅब किंवा पत्रा, एक खिडकी. त्यांच्या अंदाजपत्रकात छताला पांढरा थर, समोरासमोर दोन खिडक्या आणि एक आरसीसीबी एवढ्या तीन बाबी घातल्या, तर त्या घरातल्या म्हातारीला मे महिन्यात माझ्या वॉर्डात यावे लागण्याची शक्यता कमी होईल. या तीन ओळी अंदाजपत्रकात यायला अधिवेशन लागत नाही. घरकुल मंजूर झालेल्यांनी ग्रामसेवकाला किंवा नगरपालिकेच्या अभियंत्याला स्लॅब पडण्याआधी हे विचारावे, कारण नंतर खिडकी पाडून घेणे कोणालाच परवडत नाही.